यादवी ‘होत’ नाही, माजते

प्रश्न असा आला आहे: ‘एका मदतसंस्थेच्या पत्रकाचं मराठी भाषांतर करते आहे. विषय सुदान. सिव्हिल वॉरला काय लिहू? गृहयुद्ध, नागरी युद्ध की यादवी युद्ध? आणि यादवी हा शब्द आफ्रिकेला चालेल का?’

चालेल काय, धावेल. फक्त ‘यादवी युद्ध’ लिहू नका. यादवीत युद्ध आलंच. पिवळा पीतांबर नेसून काळी कृष्णकृत्यं करणाऱ्यांसाठी ती जोडी सोडून द्या.

‘नागरी युद्ध’ मी गेल्या आठवड्यात बातम्यांत तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा आवाज बंद केला. मराठीत नागरी म्हणजे पाणीपट्टी, तुंबलेली गटारं आणि सहकारी बँक. ‘गृहयुद्ध’ हिंदीतलं आहे, तिथे ते सुखाने नांदतं, नांदो. आपल्याकडे गृह म्हटलं की गृहखातं, गृहकर्ज, गृहपाठ. गृहयुद्ध म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे लाटणं येतं. (सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफुर प्रांतापुरती एक गंमत: अरबी ‘दार’ म्हणजे घरच, दारफुर म्हणजे फुर लोकांचं घर. आपल्या दरवाज्याच्या दाराशी त्याचं नातं नाही, ते द्वारवरून आलं. पण एवढ्यावर गृहयुद्धाला माफी नाही.)

आता मूळ शब्द. यादवी कुठून आली हे शाळेत सांगतात, पण अर्धं सांगतात. कृष्णाच्या मुलाला, सांबाला, गरोदर बाई म्हणून ऋषींपुढे उभं केलं, यादवकुळाच्या नाशाचा शाप मिळाला, पोटातून लोखंडी मुसळ निघालं. ते कुटून त्याचं चूर्ण समुद्रात टाकलं, वर द्वारकेत दारूबंदीही केली. पुराणं म्हणतात, लाटांनी ते चूर्ण किनाऱ्यावर आणलं आणि त्याची एरका, म्हणजे लव्हाळ्यासारखं गवत, उगवली. पुढे प्रभासला पंगत बसली, मद्य आलं, सात्यकी आणि कृतवर्मा या दोन यादवांनी अठरा दिवसांच्या युद्धातली जुनी उणीदुणी काढली, सात्यकीने कृतवर्म्याचं मुंडकं उडवलं. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. महाभारताच्या मौसलपर्वातला पुढचा तपशील मात्र कुणी सांगत नाही. सात्यकीवर जो पहिला मारा झाला तो उष्ट्या भांड्यांनी. ज्यात नुकतं जेवले तीच भांडी. गवत उपटलं, त्याची मुसळं झाली, त्यांनी एकमेकांना मारून कूळ संपवलं, ते नंतर.

म्हणून माझी कसोटी उष्ट्या भांड्याची. एका ताटात जेवलेले एकमेकांवर उठले तरच यादवी.

आणि क्रियापद बघा. यादवी होत नाही, घडत नाही, उफाळत तर मुळीच नाही. यादवी माजते. माजणे आलं संस्कृत माद्यति, प्राकृत मज्जइ यांवरून, धातू ‘मद्’. त्याच धातूचं मद्य, त्याच धातूचा मद. (माजघर वेगळं, ते मध्यावरून.) गाय माजावर येते, माणूस माजतो आणि पावसाळ्यात बांधावर काय माजतं? गवत! दारू, गर्व आणि गवत, प्रभासचा अख्खा प्रसंग एका क्रियापदात बसतो. यादवीला ‘माजणे’ चिकटलं ते त्या एरकेमुळे, असं माझं मत आहे. बंडाळीही माजते, अनागोंदीही माजते, तिथे कुठलं गवत, असं एका मित्राने विचारलं. त्या शब्दांनी क्रियापद यादवीकडून उसनं घेतलं, असं मी त्याला सांगितलं. पुरावा मागू नका, हे मला पटलेलं आहे.

काही विद्वान हा शब्द देवगिरीच्या यादवांवरून आला म्हणतात. रामचंद्रदेवाने १२७१ साली आमणदेवाला आंधळा करून गादी घेतली, त्यावरून म्हणे. अहो, ती राजवाड्यातली हाणामारी. देवगिरीचं राज्य बुडवलं ते दिल्लीच्या फौजांनी. आपल्या हाताने कूळ संपवण्याचा शब्द दुसऱ्याने संपवलेल्या कुळावरून कसा येईल? इतिहासाची पदवी असली की व्युत्पत्तीही येते, हा गैरसमज आपल्याकडे फार जुना आहे. दुसरे एक प्राध्यापक मला म्हणाले, ‘सुदानी लोकांवर आपलं पुराण कशाला लादता?’ हेच गृहस्थ इथिओपियाच्या नाईलवरच्या धरणाला ‘भगीरथ प्रयत्न’ म्हणाले होते. भगीरथाला पासपोर्ट मिळतो, यादवांना नाही!

सुदानला तर हा शब्द मापाने शिवल्यासारखा बसतो. जनरल बुऱ्हान सैन्याचे, हेमेदती ऊर्फ मोहम्मद हमदान दगालो निमलष्करी आरएसएफचे (रॅपिड सपोर्ट फोर्सेस). दोघांनी मिळून एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओमर अल बशीर यांना खाली खेचलं, दोघांनी मिळून २५ ऑक्टोबर २०२१ ला मुलकी सरकार मोडलं. सत्ताधारी परिषदेचा एक अध्यक्ष, दुसरा उपाध्यक्ष. मग आरएसएफ सैन्यात विलीन कधी करायची यावर बिनसलं. सैन्य म्हणे दोन वर्षांत, हेमेदती म्हणे दहा. १५ एप्रिल २०२३ ला राजधानी खार्टूममध्ये भांडी उडायला लागली.

मुसळही आहेच. २००३ मध्ये दारफुरचं बंड मोडायला खार्टूमच्या सरकारने जंजावीद टोळ्या हाताशी धरल्या. (लोक या नावाची फोड जिन आणि जवाद अशी करतात. जवाद म्हणजे घोडा. म्हणजे घोड्यावरचा सैतान.) जुलै २००४ मध्ये सुरक्षा परिषदेने १५५६ क्रमांकाचा ठराव केला: जंजावीदची हत्यारं काढून घ्या, मुदत तीस दिवस. मुसळ कुटलं, असं जगाला वाटलं. २०१३ मध्ये त्याच टोळ्यांमधून आरएसएफ उगवली, २०१७ मध्ये तिला कायद्याने मान्यता मिळाली. मराठीत ‘मुसळ केरात’ म्हणतात ते उगाच नाही.

दक्षिण सुदान? ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये राजधानी जुबात राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि काही महिन्यांपूर्वीपर्यंत त्यांचेच उपाध्यक्ष असलेले रीक माचार यांची माणसं एकमेकांवर तुटून पडली. एकच पक्ष, एकच मुक्तिलढा. शंभर नंबरी यादवी. काँगोत एम-२३ या बंडखोर संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर घेतलं, ती यादवी नाही. त्या बंडखोरांमागे रवांडाचं सैन्य आहे हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी लिहून ठेवलं आहे. शेजाऱ्याने येऊन भांडं फेकलं तर त्याला यादवी म्हणत नाहीत.

आता तुमच्या पत्रकासाठी महत्त्वाचं. सुदानमध्येसुद्धा सगळीकडे यादवी लिहू नका. खार्टूममध्ये लिहा. दारफुरमधल्या अल जेनेनात २०२३ मध्ये आरएसएफ आणि तिच्या साथीदारांनी मसालित जमातीच्या लोकांना वेचून मारलं, पळून चाडच्या आद्रे गावाकडे निघालेल्यांना रस्त्यात गाठलं. २६ ऑक्टोबर २०२५ ला दारफुरमधलंच अल फाशर आरएसएफच्या हाती पडलं, तिथे दवाखान्यातल्या माणसांनाही सोडलं नाही. यादवीला दोन्ही बाजूंच्या हातात मुसळ लागतं. इथे एकाच बाजूच्या हातात होतं. याला कत्तल म्हणतात, माणसं जमात बघून निवडली असतील तर वंशसंहार. ‘यादवीत हजारो ठार’ असं लिहिलं की कुणी मारलं ते वाक्यातून नाहीसं होतं, आणि ते नाहीसं व्हावं असं वाटणारे लोक आहेत. गंमत म्हणून धरलेल्या माझ्या भांड्याच्या कसोटीचा हा एक खरा उपयोग.

विस्थापित आणि निर्वासित यांचा घोळही तुमच्या मसुद्यात असणारच, सगळ्यांच्या असतो. आद्रेला पोचलेली बाई निर्वासित, सीमा ओलांडली म्हणून. अल फाशरहून तविलाला चालत गेलेली विस्थापित, देशातच आहे म्हणून. विस्थापितांना ‘स्थलांतरित’ लिहाल तर ती नोकरीसाठी पुण्याला गेल्यासारखी वाटेल.

जाता जाता दोन शब्द, तुमच्या पत्रकात येतील म्हणून. सुदानमध्ये वस्तीतली पोरं मोफत जेवणाची जी केंद्रं चालवतात त्यांना तकाया म्हणतात, एकवचन तकिया. हा आपलाच तकिया, फकिराचा. गावाबाहेर पिराजवळ असायचा तो. टेकायची जागा, म्हणून टेकायच्या लोडालाही तक्क्या. तेव्हा ‘सामुदायिक स्वयंपाकघर’ असलं लांबलचक काही करण्यापेक्षा तकिया ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्धी ओळ खुलासा द्या.

दुसरा शब्द अंबाझ. अल फाशरला दीड वर्ष वेढा होता. बाहेर मातीचे बांध घातले, धान्य आत जाईना, तकायांच्या चुली एकेक करून विझल्या. लोक अंबाझ शिजवून खायला लागले. शेंगदाण्याचं तेल काढल्यावर घाण्यात जो चोथा उरतो, तो. मी मराठीत वाचलेल्या तिन्ही बातम्यांत त्याला ‘पशुखाद्य’ किंवा ‘जनावरांचा चारा’ म्हटलं होतं. चारा म्हणजे कडबा, गवत. पशुखाद्य म्हणजे छापील गोणीतला माल. आमच्या घरी संध्याकाळी पत्र्याच्या बादलीत याच चोथ्याचे तुकडे भिजत पडलेले असत, सकाळपर्यंत फुगून मऊ व्हायचे, त्यांचा खवट वास परसात भरून राहायचा आणि धारेला बसण्याआधी आजी ती बादली म्हशीपुढे सरकवायची. त्याला शब्द आहे. पेंड. विदर्भातले असाल तर ढेप. अल फाशरमध्ये माणसांनी पेंड खाल्ली, एवढंच लिहा. आणि पुढच्या ओळीत, नंतर तीही मिळेनाशी झाली.