नवीन ऑपरेटिंग सिस्टिमचं डिझाइन बदललं की लोक एवढे का वैतागतात? शेवटी सवय होतेच ना?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुम्ही पुण्यात ॲप डिझाइनचं काम करता, प्रत्येक नव्या आवृत्तीवर तक्रारींचा पाऊस पडतो आणि सहा महिन्यांनी तीच माणसं गुमान वापरताना दिसतात. मग सुरुवातीच्या आरडाओरड्याकडे लक्ष द्यायचं कशाला, असं तुमचं म्हणणं.

द्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. माणूस गप्प झाला म्हणजे त्याला सवय झाली, की त्यानं सांगायचा नाद सोडला, हे लांबून कळत नाही. तुमच्या आकड्यांत दोघं सारखेच दिसणार.

मी सांगलीत मार्केट यार्डातल्या अडत दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळतो. हळदीचे, बेदाण्याचे सौदे उरकले की दुपारनंतर दुकानात शेतकऱ्यांच्या पट्ट्या निघतात. माल किती, दर काय, हमाली-तोलाई किती, हातात किती रक्कम, हे सगळं त्या एका कागदावर. शेतकरी समोर बसलेला असतो, त्याला गावाकडं परतायची घाई असते. दिवाणजींच्या, म्हणजे दुकानाच्या हिशेबनिसांच्या, एका हाताखाली सौद्याची वही, दुसरा हात माउसवर. त्यांचं लक्ष वहीत असतं, स्क्रीनवर फक्त मधूनच एक नजर. हात आपला आपण चालतो.

यातल्या पुष्कळ दिवाणजींना इंग्रजी मजकूर सलग वाचायची सवय नाही. त्यांनी कॉम्प्युटर शब्दांनी शिकलेला नसतो, जागांनी शिकलेला असतो. खालचा डावा कोपरा, मग वरून तिसरी ओळ, मग ते निळं चित्र. हिशेबात त्यांची चूक सापडायची नाही, पण 'प्रिंट' हा इंग्रजी शब्द ते अक्षरं जुळवून वाचत नाहीत, त्याच्या आकारावरून आणि ठिकाणावरून ओळखतात. इंग्रजी सहज वाचणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यानं बटण दुसरीकडे गेलेलं पाहिलं तर तो नवं नाव वाचून दोन मिनिटांत शोधून काढतो. ज्याच्याकडे फक्त जागा होती, त्याची जागाच गेली की त्याच्याकडे काहीच उरत नाही. "ओ भाऊ, ते खालचं कुठं गेलं बघा की," असा फोन येतो, तेव्हा त्या आवाजात बदलाचा तिटकारा नसतो. समोर माणूस बसलाय आणि आपल्याला आपलंच काम येईनासं झालंय, याची लाज असते. मला ही गोष्ट फार लागते. पंचवीस-तीस वर्षं पट्ट्या लिहिलेल्या माणसावर ती वेळ का यावी?

फोनवरून मदत करणाऱ्याचाही इथे विचार करा. आमच्या धंद्यात अर्धी दुरुस्ती फोनवरच होते. 'खाली डाव्या कोपऱ्यात जा' हे वाक्य सांगायला सोपं, कारण कोपरा कुणालाही सापडतो. विंडोज 11 मध्ये, म्हणजे 5 ऑक्टोबर 2021 ला आलेल्या आवृत्तीत, प्रोग्रॅमची यादी उघडणारं स्टार्टचं बटण टास्कबारच्या, म्हणजे स्क्रीनच्या तळाच्या पट्टीच्या, मधल्या गटात गेलं. ते मध्ये आहे एवढंच असतं तरी भागलं असतं. पण तो सगळा गट मधोमध राहावा म्हणून जितके प्रोग्रॅम उघडाल तितकं ते बटण डावीकडे सरकत जातं. त्याला ठरलेलं ठिकाण राहत नाही. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्ये मांडलेला नियम तुम्हाला शिकवला असेलच: लक्ष्य जितकं मोठं आणि जितकं जवळ, तितका हात त्यावर लवकर पोचतो. स्क्रीनचा कोपरा या हिशेबात सगळ्यात भारी, कारण माउस कितीही जोरात ढकलला तरी तो कोपऱ्यातच जाऊन अडतो, नेम धरावा लागत नाही. तो कोपरा सोडून दिला, तर वापरणाऱ्याला प्रत्येक वेळी बघून नेम धरावा लागतो. ही काही जुन्याची ओढ नाही, हाताला पडणारं जादा काम आहे.

माझी कसोटी इथूनच आली. नव्या डिझाइनवर तक्रार आली की मी स्वतःला विचारतो: या माणसाला पूर्ण सवय झाल्यावरसुद्धा हे काम आधीपेक्षा जास्त पायऱ्यांत होणार आहे का, किंवा जिथे बघावं लागत नव्हतं तिथे बघावं लागणार आहे का? उत्तर 'हो' असेल तर तक्रार सवयीची नाही. ती सहा महिन्यांनीही तितकीच खरी असते, फक्त ऐकू येत नाही.

ही कसोटी मागच्या मोठ्या बदलांना लावून बघा. विंडोज 95 मध्ये प्रोग्राम मॅनेजर, म्हणजे प्रोग्रॅम उघडायची जुनी खिडकी, जाऊन स्टार्ट मेनू आला, तेव्हा खिडक्यांमध्ये खिडक्या उघडून चित्रं शोधायला शिकलेली माणसं गोंधळली होती. पण नव्या पद्धतीत काम खरोखर सोपं झालं होतं, आणि जुना प्रोग्राम मॅनेजरही आत ठेवलेला होता, हवा त्यानं उघडावा. पुढे तो परत मागणारे फारसे उरले नाहीत. ती सवयीची तक्रार होती आणि ती आपोआप विरली.

विंडोज 8 चं उलट झालं. ऑक्टोबर 2012 मध्ये ती आली तेव्हा स्टार्टचं बटणच काढून टाकलं होतं. लोक प्रोग्रॅम टास्कबारवर लावून ठेवतात आणि मेनू कमी उघडतात, असा बनवणाऱ्यांचा युक्तिवाद होता, आणि टॅबलेटवर बोटानं चालवायची पद्धत त्यांना कॉम्प्युटरवरही आणायची होती. कॉम्प्युटर बंद करायचा तर कोपऱ्यात माउस नेऊन उजवीकडून एक लपलेली पट्टी बाहेर काढायची, तिथून सेटिंग्ज, मग पॉवर. त्या पट्टीची खूण स्क्रीनवर कुठेही नव्हती. ज्याला कुणी सांगितलं नाही त्याला ती सापडणार कशी? ही तक्रार विरली नाही. ऑक्टोबर 2013 च्या 8.1 मध्ये बटण परत आलं, आणि मेनू जुलै 2015 मध्ये विंडोज 10 बरोबर परत आला. आरडाओरड्याकडे कुणी बघितलं नसतं तर हे झालं नसतं.

विंडोज 11 च्या बाबतीतही हाच क्रम दिसतो, आणि इथे बारकाईनं बघण्यासारखं पुष्कळ आहे. सुरुवातीच्या आवृत्तीत एकाच प्रोग्रॅमच्या सगळ्या उघड्या फायली टास्कबारवर एका चित्राखाली गोळा होत, नावं दिसत नसत, आणि ते बदलायची सोयही ठेवली नव्हती. घरी एखादंच पत्र लिहिणाऱ्याला याचा काही त्रास नाही. पण ज्याच्या एक्सेलमध्ये एकावेळी आठ-दहा खाती उघडी असतात, त्याला दर वेळी त्या चित्रावर माउस नेऊन, थांबून, छोट्या चित्रांतून हवं ते निवडावं लागतं. सवय कितीही होऊ दे, ती पायरी जात नाही. 2023 मध्ये नावांसह वेगवेगळी बटणं ठेवायचा पर्याय परत आला. फाइल ओढून टास्कबारवर टाकायची सोयही आधी गेली होती, ती 2022 मध्ये परत आली. उजव्या क्लिकच्या मेनूत कॉपी, पेस्ट, नाव बदलणे यांची नुसती चित्रं ठेवली होती, 2024 च्या आवृत्तीत त्यांच्याबरोबर शब्दही आले. म्हणजे 'नुसत्या चित्रावरून कळत नाही' म्हणणारे अडाणी नव्हते, त्यांचं बरोबर होतं.

टास्कबार स्क्रीनच्या वरच्या कडेला किंवा बाजूला न्यायची सोय मात्र सुरुवातीला काढली तेव्हा टास्कबार नव्यानं लिहिलाय आणि ती सोय मागणारे तुलनेनं थोडे आहेत, असं बनवणाऱ्यांकडून सांगितलं गेलं. 'थोडे आहेत' या कारणाशी माझं भांडण आहे. जगात कोट्यवधी कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सिस्टिमचे 'थोडे' लोकसुद्धा किती होतात! आणि एखादी सोय थोडे जण वापरतात, पण दिवसभर वापरतात, हे सरासरीत दिसत नाही.

फोनचीही गोष्ट वेगळी नाही. सप्टेंबर 2013 मध्ये आयओएस 7, म्हणजे आयफोनच्या सिस्टिमची सातवी आवृत्ती, आली, चामड्याचे-लाकडाचे आभास जाऊन सगळं सपाट झालं. रंगांवर, बारीक अक्षरांवर खूप टीका झाली, आणि दिसण्याबद्दलची बरीचशी टीका काळानं मिटवली. पण ॲप उघडताना स्क्रीन झूम होऊन पुढे येत असे, त्यानं काहींना चक्कर येई, मळमळे. ती सवयीनं जाणारी गोष्ट नव्हती. त्याच वर्षीच्या 7.0.3 मध्ये हालचाल कमी करायच्या सेटिंगनं ते झूम होणंही बंद करता येऊ लागलं. एकाच आवृत्तीवर दोन्ही प्रकारच्या तक्रारी एकाच वेळी, एकाच आवाजात चालू होत्या. त्या निवडून वेगळ्या काढणं हेच तुमचं काम.

आता सप्टेंबर 2025 मध्ये आयओएस 26 मधलं काचेसारखं पारदर्शक डिझाइन आलं. मागचं चित्र पुढच्या अक्षरांत मिसळतं आणि वाचायला त्रास होतो, ही तक्रार पहिल्या चाचणी आवृत्तीपासून होती. 26.1 मध्ये ती काच कमी पारदर्शक करायचा पर्याय दिला गेला. उन्हात द्राक्षबागेत उभं राहून फोन बघणाऱ्याला हा पर्याय म्हणजे शोभेचा भाग नाही.

अँड्रॉइडवर 2021 च्या बाराव्या आवृत्तीत वाय-फाय आणि मोबाइल डेटा यांची दोन बटणं एकत्र करून 'इंटरनेट' असं एकच केलं. आधी एका टॅपमध्ये होणारं काम दोन टॅपचं झालं. त्यामागे कारणही होतं: वाय-फायची रेंज कमी झाली की लोक ते बंद करत आणि परत चालू करायला विसरत. कारण चांगलं असू शकतं, तरी दुसरा टॅप आहे तो आहेच. दोन्ही गोष्टी कबूल करून बोललं तर लोक ऐकून घेतात.

लिनक्स या खुल्या, फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांकडे एक वेगळा मार्ग होता. एप्रिल 2011 मध्ये ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती आली, त्यावर लिनक्सचे जनक खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी उघड नाराजी व्यक्त केली आणि काही काळ ते एक्सएफसीई हा दुसरा डेस्कटॉप वापरू लागले. जुना कोड सगळ्यांसाठी खुला असल्यानं काहींनी ग्नोम 2 तसाच पुढे चालवला, तो आजचा माटे नावाचा डेस्कटॉप. यार्डातल्या दुकानाला असा मार्ग नसतो. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले, आणि ज्याच्या कॉम्प्युटरवर पैशांचे व्यवहार होतात त्याला मी जुन्यावर राहा असं सांगू शकत नाही. निवड नसताना आलेला बदल जास्त टोचतो. तक्रारीत दिसणारा राग कित्येकदा डिझाइनवरचा नसतो, आपल्याला कुणी विचारलंच नाही याचा असतो.

याच्या जवळचं एक उदाहरण आपल्या मराठीतच आहे. टाइपरायटरवर रेमिंग्टन ही कळांची मांडणी शिकलेल्या टंकलेखकांना युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर अक्षरं सारखीच दिसतील अशी पद्धत, आल्यावर इनस्क्रिप्ट ही वेगळी मांडणी शिका असं सांगितलं गेलं. आयुष्यभर बोटांत बसलेली अक्षरं नव्यानं कुठे बसवणार? खूप जणांनी युनिकोडलाच नकार दिला. पुढे रेमिंग्टन मांडणीनंच युनिकोड टंकता येईल अशी साधनं मिळू लागली, आणि तीच माणसं युनिकोडमध्ये लिहू लागली. त्यांचा विरोध युनिकोडला नव्हताच. नव्या मुलांनी इनस्क्रिप्ट शिकावं, आणि ज्याच्या बोटांत जुनं आहे त्याला ते राहू द्यावं. दोन्ही एकत्र नांदू शकतात.

दुकानात नवी सिस्टिम घातली की मी आधी तीन गोष्टी करतो. टास्कबारच्या सेटिंगमध्ये मांडणी डावीकडे घेतो, म्हणजे तो कोपरा परत मिळतो. बटणं एकत्र करायच्या पर्यायात 'नेव्हर' निवडतो, म्हणजे प्रत्येक फाइल नावासकट दिसते. आणि उजव्या क्लिकचा जुना पूर्ण मेनू हवा असेल तर शिफ्ट दाबून क्लिक करायला शिकवतो. मग दिवाणजींच्या शेजारी बसून पहिल्या काही पट्ट्या त्यांनाच काढायला लावतो, माउसला मी हात लावत नाही. पहिल्या दिवशीची धास्ती एवढ्यानं बरीच उतरते. आयफोनवाल्यांना सेटिंगमधल्या 'ॲक्सेसिबिलिटी' या भागातलं पारदर्शकता कमी करायचं बटण दाखवतो.

आज या सगळ्या सोयी आत आहेतच, फक्त सेटिंगच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर आणि इंग्रजी नावांनी. ज्याला त्यांची सगळ्यात जास्त गरज, त्याला त्या सापडण्याची शक्यता सगळ्यात कमी. म्हणून तुम्हाला एकच मागणं आहे. तुमच्या ॲपची पुढची आवृत्ती काढाल, तेव्हा पहिल्यांदा उघडताच समोर विचारा, 'बटणं पूर्वीच्या जागी ठेवायची का?' आणि हा प्रश्न मराठीतून विचारा.