‘खाकसार’मधली खाक कोणती?

एका वाचकाने विचारलं आहे : फाळणीआधीच्या इतिहासात ‘खाकसार’ नावाची संघटना भेटते. हा ‘जळून खाक’मधलाच खाक असेल, तर खाकसार म्हणजे जाळपोळ करणारे का? मग उर्दू बोलणारी माणसं स्वतःलाच ‘खाकसार’ कशी म्हणवून घेतात?

शब्द तोच आहे, पण अर्थ वाटेत बदलला आहे. फारसीत खाक म्हणजे माती. राखेला तिथे ‘खाकिस्तर’ असा वेगळा शब्द आहे. ‘सार’ हा सारखेपणा दाखवणारा प्रत्यय. खाकसार म्हणजे मातीसारखा, पायाखाली असणारा, म्हणून नम्र. (‘सार’ ऐकून आपला ‘सारखा’ आठवेल, पण तो संस्कृत ‘सदृक्ष’वरून आला आहे. त्याची वाट वेगळी.) ‘खाकी’ रंग तो मातीचा. आणि खाकेत पिशवी मारतो ती ‘खाक’ म्हणजे आपली काख, तिचा इथे काही संबंध नाही.

मराठीत हा खाक बहुधा ‘जळून’चा हात धरूनच येतो. गंजी जळून खाक झाली, दुकान जळून खाक झालं. म्हणजे आपल्याला खाक दिसते ती आग विझल्यावर. फारसीत मात्र खाक आणि आग समोरासमोर उभ्या असतात, आणि मला या शब्दात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

शिराझच्या सादी या फारसी कवीने 1257 मध्ये ‘बोस्ताँ’ हा काव्यग्रंथ पुरा केला. त्याचा चौथा अध्याय नम्रतेवर आहे आणि त्याची सुरुवातच अशी :

ज़ ख़ाक आफ़रीदत ख़ुदावंद-ए-पाक
पस ऐ बंदा उफ़्तादगी कुन चु ख़ाक

पवित्र परमेश्वराने तुला मातीतून घडवलं, तेव्हा माणसा, मातीसारखा नम्र हो. इथला ‘उफ़्तादगी’ शब्द जरा थांबून पाहावा. ‘उफ़्तादन’ म्हणजे पडणे. उफ़्तादगी म्हणजे शब्दशः पडलेपण. आपल्या ‘नम्र’मध्ये वाकणं आहे, इथे तर माणूस जमिनीला टेकलेलाच आहे.

पुढच्याच द्विपदीत सादी बजावतो, ‘ज़ ख़ाक आफ़रीदंदत, आतश मबाश’. मातीचा आहेस, आग होऊ नकोस. मग तो सांगतो की आगीने मान ताठ केली, मातीने अंग टाकून दिलं; म्हणून आगीतून सैतान झाला आणि मातीतून माणूस. यामागे कुराणातली कथा आहे. आगीतून निर्माण झालेला इब्लिस, म्हणजे सैतान, मातीच्या आदमपुढे, म्हणजे पहिल्या माणसापुढे, झुकायला नकार देतो. ही कथा मनात असलेल्या वाचकाला ‘खाकसार’ शब्दात जाळपोळ ऐकू येणंच शक्य नाही.

इनायतुल्ला खान मश्रिकी यांनी 1931 मध्ये लाहोरात स्थापन केलेल्या खाकसार चळवळीने नाव घेतलं ते याच अर्थाने. तिचे स्वयंसेवक खाकी कपडे घालून खांद्यावर बेलचा, म्हणजे फावडं, घेऊन संचलन करत. शिस्त लष्करी होती आणि सरकारशी संघर्षही झाले, पण नावात आग नव्हती, माती होती.

फारसीत माती सगळीकडे गोडच आहे असं नाही. ‘ख़ाक बर सरम’ म्हणजे माझ्या डोक्यावर माती पडो, हा शोकाचा आणि चडफडण्याचा उद्गार. आपल्याकडेही कामाची माती होते, माणूस माती खातो. पण आजही इराणमध्ये कुणाला ‘खाकी’ म्हटलं तर तो साधा, गर्व नसलेला माणूस असतो.

उर्दू पत्रातल्या ‘खाकसार’ला मराठीत काय लिहावं? ‘आपला नम्र’ने काम भागतं, पण माती हातातून निसटते. मी ‘चरणरज’ लिहीन. जुनाट वाटेल, पण ‘एकदा आमच्याकडे पायधूळ झाडा’ असं आमंत्रण आपण अजूनही देतोच.