तिसऱ्या भागात कोण काय म्हणालं?

"मॅडम, एकटा माणूस बोलत असला की कळतं. तिघं बोलायला लागले की डोकं बंदच पडतं बघा. माझ्या कानातच काही दोष असेल का?"

मिरजेतल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स असलेली ही मुलगी रात्रपाळी संपवून थेट सांगलीला, विश्रामबागेत माझ्याकडे आली होती. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून काम करायला तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलमध्ये नोंदणी करायची, तर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या लिसनिंगमध्ये, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीत, ७ बँड (गुणश्रेणी) लागतात. तिला ६.५ मिळाले होते. ४० पैकी साधारण ३० उत्तरं बरोबर आली की ७ मिळतात, म्हणजे गाडी थोडक्या गुणांवर अडली होती. आणि ते गुण बहुतेक एकाच जागी सांडत होते, तिसऱ्या भागात.

या ऐकण्याच्या चाचणीत चार भाग, प्रत्येकी १० प्रश्न, आणि ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. पहिल्या भागात दोघांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं, दुसऱ्यात आणि चौथ्यात एकच वक्ता. तिसऱ्यात मात्र विद्यार्थी आणि त्यांचे प्राध्यापक प्रकल्पावर, निबंधावर चर्चा करतात. कधी दोघं, कधी चौघंही. कानात दोष असता तर चौथ्या भागातलं व्याख्यानही तिला जड गेलं असतं. तिथं तिला दहापैकी सात-आठ मिळत होते.

मी तिच्या शेजारी बसले आणि तिला एक सराव सोडवायला लावला. लक्ष उत्तरांवर नव्हतं, तिच्या पेन्सिलीवर होतं. पर्यायातला शब्द ऐकू आला रे आला की पेन्सिल तिथं टेकत होती. पुढं कुणी मत बदललं की खोडाखोड, आणि तेवढ्यात पुढचे दोन प्रश्न निघून जायचे.

मी विचारलं, "सकाळी राउंडला किती डॉक्टर असतात?"

"चार-पाच तरी."

"सगळे बोलतात. मग तू लिहितेस काय?"

ती जरा थांबली. "रेसिडेंट डॉक्टर एक औषध सुचवतात, दुसरे म्हणतात किडनीचे रिपोर्ट बघू, मग मोठे सर काय ते ठरवतात. मी ठरलेलं लिहिते."

तिसरा भाग हाच आहे. समजा प्रश्न असा आहे, की विद्यार्थी माहिती कशी गोळा करणार? एक जण म्हणतो प्रश्नावली. दुसरी म्हणते, गेल्या वर्षी कुणी भरूनच दिल्या नाहीत. सर मुलाखती सुचवतात, पण वेळ कमी आहे. शेवटी ते प्रत्यक्ष जाऊन बघायचं ठरवतात. तिन्ही पर्याय कानावर पडले, आणि बरोबर उत्तर बहुधा वेगळ्याच शब्दांत आलं, 'आपण नुसतं तिथं बसून नोंदी घेऊ' असं. शब्द पकडणारा कान इथं हमखास फसतो.

म्हणून दोन आठवडे तिला प्रश्न सोडवूच दिले नाहीत. कोऱ्या कागदावर प्रत्येक बोलणाऱ्यासाठी एक रकाना, आणि ऐकताना फक्त खूण करायची: पटलं, नाही पटलं, डळमळीत. नंतर लिखित संवाद उघडून मत जिथं फिरलं ते वाक्य शोधायचं. 'आय सपोज सो' म्हणजे नाइलाजानं होकार. 'फेअर इनफ' म्हणजे समोरच्याचं मानलं. 'रिअली?' मध्ये बहुतेकदा शंका असते, ती शब्दात नाही, सुरात ऐकू येते. इंग्रजी सिनेमे बघा, कान तयार होईल, हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो या भागासाठी अपुरा वाटतो. सिनेमात कोण बोलतंय ते डोळ्यांना दिसतं, इथं फक्त आवाज असतो.

सुटलेल्या प्रश्नाचं मात्र वेगळं. एक चुकला की ती त्याच्यावरच कुढत बसायची. प्रश्न संवादाच्या क्रमानंच येतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा अंदाजानं खूण करायची आणि पुढच्या प्रश्नातला मुख्य शब्द धरून बसायचं. हे सांगणं सोपं, अंगवळणी पडायला तिला महिना गेला.

आणि एक गोष्ट मी तिला पहिल्याच दिवशी बजावली होती: रात्रपाळीवरून आल्यावर सराव करायचा नाही. ती महिनोन्‌महिने सकाळी साडेआठला, डोळ्यांवर झोप घेऊन हेडफोन लावत होती आणि कमी गुण पडले की स्वतःला मठ्ठ ठरवत होती. मला ते ऐकून फार वाईट वाटलं. दमलेला मेंदू एक आवाज कसाबसा धरतो, तीन धरत नाही. सराव तिनं सुट्टीच्या दिवशी, झोप झाल्यावर केला. आठवड्यात दोनदाच.

परीक्षेच्या संध्याकाळी तिचा फोन आला. "मॅडम, तिसऱ्या भागात एक प्रश्न गेला. जाऊ दिला." निकाल आला तेव्हा लिसनिंगला ७.५ होते. आता तिच्याच वॉर्डातली एक सिस्टर येते. तिला तिसरा भाग जमतो, चौथ्यात स्पेलिंग चुकतात.