मंडईच्या नाटकाचे पोस्टर छापण्यापूर्वी

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भात मंडई या गावजत्रेत होणाऱ्या, नाटकाचे पोस्टर प्रथमच करणाऱ्याने ते कोठे लागणार, हे आधी ठरवावे. पानठेल्यावर हातभर अंतरावरून वाचण्यासाठी ए-थ्री, म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर, पुरेसे होते. ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, त्याची फाइल ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलची होते. चौकातील १० बाय ५ फुटांचा फ्लेक्स मात्र लोक दुरून, बहुधा गाडीवरून जाताना पाहतात, म्हणून तेथे ७२ डीपीआय, अर्थात ८६४० बाय ४३२० पिक्सेल, चालतात; तेथेही ३०० चा हट्ट धरल्यास फाइल विनाकारण जड होते.

खरी फसगत कलावंतांच्या फोटोंत होते. व्हॉट्सॲपवर आलेला १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० डीपीआयने जेमतेम ४ इंच छापला जातो, आणि सॉफ्टवेअरमध्ये आकडा वाढवल्याने त्यात नवा तपशील येत नाही. नायिकेचे डोळे धुरकटच राहतात. म्हणून फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणूनच मागवावेत, म्हणजे ते मूळ आकारात येतात. चारही कडांना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कटाईत कापला जाणारा जादा छापील भाग, ठेवावे आणि प्रयोगाची तारीख व तिकीटदर कडेपासून बरेच आत घ्यावेत (कटाईत तारीख गेली, तर मंडळी कोणाला धरतील, हे सांगणे नको). शक्य असल्यास पूर्ण छपाईपूर्वी एक प्रत काढून उन्हात पाहावी, कारण पडद्यावरचा भडक निळा कागदावर बहुधा मंद उतरतो.