जुनी शाखा सांभाळायची कुणी?

विश्रामबाग, सांगली

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

इतरांच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरली जाणारी तुझी कोडची लायब्ररी, तिची नवी आवृत्ती आली तरी लोक जुनीलाच चिकटून आहेत, 'अजून पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या द्या' म्हणतात आणि तू हो म्हणायच्या बेतात आहेस. जरा दमानं घे.

मागणी खोटी नाही. आपल्याकडे गाळप सुरू झालं की कारखान्यातल्या वजनकाट्याच्या संगणकाला कुणी बोट लावू देत नाही. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, तिथे अपडेटचं नाव काढून बघ! अशा ठिकाणी जुनं, चालतं आणि फक्त भोकं बुजवलेलं सॉफ्टवेअरच हवं. पण ती बुजवायची कुणी? माझ्या मते, ज्याला जुनं हवंय त्यानं. उपसा सिंचनाचं पाणी घेणारा पाणीपट्टी भरतोच की.

या कामाचा तुला अजून अंदाज नाही. नव्या शाखेत, म्हणजे नव्या आवृत्तीच्या कोडमध्ये, दुरुस्ती तीन ओळींची असते. तेवढीच उचलून जुन्या शाखेत लावलीस, म्हणजे चेरी-पिक केलंस, की कॉन्फ्लिक्ट, दोन्हीकडचा कोड जुळतच नाही. फंक्शनचं नाव बदललेलं, वरची तपासणी दुसऱ्याच फाइलमध्ये गेलेली, आणि ती चूक पकडणारी टेस्ट जुन्या शाखेत नाहीच. मग हातानं जुळव, टेस्टही मागे आण, जुन्या कंपायलरवर बिल्ड कर, म्हणजे त्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनव. रविवार गेला. त्यात दुरुस्ती अर्धवट बसली तर आणखी वाईट, कारण वापरणारा निर्धास्त होतो.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, सांभाळणाऱ्यांनाही हे झेपेना. लाँगटर्म, म्हणजे जास्त काळ सांभाळायच्या, आवृत्त्यांची मुदत सहा वर्षांवरून दोनवर आणायचं त्यांनी २०२३ मध्ये जाहीर केलं. त्याआधी ५.१० या आवृत्तीची गोष्ट बघ. सुरुवातीला तिलाही दोनच वर्षं दिली होती. कंपन्या मुदत वाढवा म्हणाल्या, तेव्हा या आवृत्त्या सांभाळणाऱ्या ग्रेग क्रोआ-हार्टमननं उलट विचारलं, तुम्ही काय मदत करणार? कंपन्या चाचण्या करायला पुढे आल्या, मग मुदत २०२६ पर्यंत गेली. हा प्रश्न तूही विचार, लाजू नकोस.

लिनक्सवरच उभ्या असलेल्या डेबियन या सिस्टिमनं २०१४ पासून वेगळी वाट काढली. नेहमीची मुदत संपली की एलटीएसचं, म्हणजे पुढच्या वाढीव काळातल्या दुरुस्त्यांचं, काम वेगळा गट बघतो, कंपन्या पैसे भरतात आणि काम करणाऱ्यांना तासाप्रमाणे मोबदला मिळतो. दुरुस्त्या मात्र सगळ्यांना खुल्या. मला ही पद्धत सर्वांत पटते. पैसे न भरणाऱ्यालाही फायदा होतो, होऊ दे. कंपनीनं आपल्यापुरता पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, खिशात ठेवला तर तीच चूक दहा ठिकाणी दहा जण निस्तरत बसतात.

म्हणून आज रीडमीमध्ये, म्हणजे लायब्ररीच्या माहितीच्या फाइलमध्ये, जुन्या शाखेची शेवटची तारीख लिही. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षं देतो, त्याच्यामागे मोठी फौज आहे. तू एकटा, एक वर्ष पुरे. कुणाला त्यापुढे हवं असेल तर त्यांच्याकडचा माणूस मागून घे. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत, मगच जुनीत, ही अट त्यालाही लागू. आणि कमिटचे, म्हणजे थेट कोड बदलायचे, अधिकार लगेच देऊ नकोस, काही महिने त्याचे पॅच तपास. एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दमलेल्या मेंटेनरमागे, म्हणजे ते सांभाळणाऱ्यामागे, वेगवेगळ्या नावांनी तगादा लागला, त्यातच एकानं विश्वास मिळवला आणि २०२४ मध्ये त्यातूनच चोरून शिरायचं मागचं दार निघालं, हे तू वाचलं असशीलच.

त्या लोकांना उत्तर पाठवण्याआधी मसुदा मला दाखव. तुला नको तिथे 'सॉरी' लिहायची सवय आहे.

तुझा,
काका