हुकच्या दांडीवरचा चरा आणि "मशीन ओके" हा शेरा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या केसआधी हुकच्या (टोकातून वीज सोडून ऊती कापणाऱ्या हत्याराच्या) दांडीवरच्या इन्सुलेशनला, म्हणजे वीज अडवणाऱ्या आवरणाला, बारीक चरा दिसला, तुम्ही तो बाजूला ठेवला, आणि वरून निरोप आला की कॉटरीची, म्हणजे हुकला वीज पुरवणाऱ्या मशीनची, सेल्फ-टेस्ट पास आहे, उगाच केस लांबवू नका. आता तुम्ही विचारताय की एवढ्याशा चऱ्याने खरंच काही होतं का, कुणी ऐकत नसेल तर काय करायचं, आणि सर्जन सारखं "पॉवर वाढवा" म्हणतात तेव्हा काय करायचं. हे तिन्ही प्रश्न मी भोगलेत, म्हणून लांबलचक लिहितेय. मी ऑपरेशन थिएटरची (ओटी) इनचार्ज होते. सर्जन नाही, इंजिनिअरही नाही. तुमच्याकडच्या उपकरणाचं मॅन्युअल आणि तुमच्या संस्थेचे नियम माझ्या म्हणण्याच्या वर.

मोनोपोलर-बायपोलर, प्लेट (पेशंटच्या अंगाला चिकटवलेली, प्रवाह मशीनकडे परत नेणारी) कुठे लावायची, लावण्याआधी केस काढणं, हे सगळं तुम्हाला येतंय, ते सोडते.

चऱ्याचं आधी. होतं, आणि चरा जितका बारीक तितकं जास्त वाईट. पाण्याच्या नळीला टाचणीएवढं भोक पडलं तर कशी चिळकांडी उडते, तसंच. मोठी फट असेल तर प्रवाह पसरतो आणि फट डोळ्यालाही दिसते. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून तोच प्रवाह एका ठिपक्यावर पडतो आणि आतडं भाजायला तेवढं पुरतं. कॅमेऱ्यात आपल्याला दिसतं हुकचं टोक आणि त्यामागचा थोडासा भाग. उरलेली दांडी पडद्याबाहेर, आतड्याला टेकलेली असू शकते. सर्जन टोकाकडे बघून अगदी व्यवस्थित काम करत असतो आणि भाजतंय भलतीकडेच.

आता सेल्फ-टेस्ट. मशीन स्वतःची आतली सर्किटं तपासतं. दोन भागांची प्लेट असेल तर ती कातडीला नीट चिकटली आहे का, एवढं बघतं. हुकच्या दांडीबद्दल त्याला काहीही कळत नाही. चऱ्यातून आतड्यात गेलेला प्रवाहसुद्धा शेवटी त्याच प्लेटमधून परत येतो, म्हणजे मशीनच्या दृष्टीने सर्किट पूर्ण आहे. मग अलार्म वाजणार कशाला? "मशीन ओके" या शेऱ्याचा हुकशी काडीचा संबंध नाही, आणि हे सही करणाऱ्यांना समजावता समजावता माझी उमेद संपली होती.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. तुमच्यासारखीच एका सिस्टरने लेखी तक्रार दिली होती की सेटमधल्या हुकचं इन्सुलेशन उडालेलं वाटतंय. उपकरणांची देखभाल बघणारं खातं होतं, नाव घेत नाही. तिथून कागद परत आला: "दृश्य तपासणीत दोष नाही, मशीन ओके." हुक पुन्हा फिरायला लागले. काही काळाने एक पेशंट घरी गेल्यावर पोटदुखी आणि ताप घेऊन परत आला. पोट उघडलं तर आतड्याला भोक. भाजलेल्या आतड्याचं हेच वाईट असतं. ऑपरेशनच्या वेळी पांढरट डागही दिसेलच असं नाही. भाजलेला पेशीसमूह हळूहळू मरतो आणि भोक पडतं ते काही दिवसांनी, कधी आठवडा उलटल्यावर. पेशंट वाचला, पण फार सोसून.

चौकशी बसली आणि पहिलाच प्रश्न आला: त्या दिवशी हुक कोणता होता? उत्तर कुणाकडेच नव्हतं. सगळे हुक सारखे, एकावरही नंबर नाही. पेशंट परत येईपर्यंत ते धुऊन, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेत) निर्जंतुक होऊन, दुसऱ्या सेटांमध्ये मिसळून कितीतरी केसेसना वापरले गेले होते. मग त्याच खात्याने कळवलं की हुक बदलून हवे असतील तर सदोष हुक नंबरासह जमा करा. नंबर नाहीत म्हटलं तर उत्तर आलं, नंबर कोरल्यास वॉरंटी जाते, सबब परवानगी नाही. म्हणजे नंबर घालायचा नाही, आणि नंबराशिवाय तक्रार घ्यायची नाही! सगळा ठपका सर्जनच्या हातावर आला. ते भाजणं त्या हुकमुळेच झालं असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तपासायला हुकच उरला नव्हता. चिडचिड होते ती याचीच.

म्हणून माझा सल्ला, आणि हे माझं मत आहे, कुणाला टोकाचं वाटलं तरी चालेल. शंका आली त्या क्षणी हुक केसमधून बाहेर. तो सीएसएसडीच्या (हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या विभागाच्या) सर्वसाधारण ट्रेमध्ये परत जाता कामा नये. वेगळ्या पिशवीत घाला, वर तारीख आणि केस नंबर लिहा, आणि इनचार्जच्या सहीने कुलपात ठेवा. केसमध्ये काही वेगळं घडलं असेल तर केबल आणि वापरलेली प्लेटसुद्धा ठेवा, आणि मशीनवर कट (कापण्याचा) आणि कोॲग (रक्त गोठवण्याचा) या दोन्ही मोडचे आकडे किती होते ते लिहून ठेवा. पुढे आतडं काढायची वेळ आलीच तर सर्जनला आठवण करा की भोकाची कड पॅथॉलॉजीला जाऊ दे. उष्णतेने मेलेला भाग आणि हत्याराने फाटलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे दिसतात. आमच्याकडे हे कुणाला सुचलंच नाही.

नंबराचं मी नंतर असं केलं: कोरलं नाही, हँडलजवळच्या धातूच्या भागावर निर्जंतुकीकरण सोसणारी खुणेची टेप लावली. दांडीच्या इन्सुलेशनवर चुकूनही काही कोरू किंवा चिकटवू नका. आणि चऱ्यावर टेप लावून किंवा वरून नळी चढवून "रिपेअर" केलेला हुक कुणी परत पाठवला तर घेऊ नका. कंपनीची मान्यता नसलेली अशी डागडुजी किती व्होल्ट सोसेल हे कुणीच तपासलेलं नसतं.

तपासणीबद्दल एवढंच की डोळ्यांवर विसंबू नका. भिंग चांगलं, तरीही पुरेसं नाही. दांडीवर उच्च व्होल्टेज टाकून छिद्र शोधणारे टेस्टर मिळतात, छिद्राशी आलं की आवाज येतो. प्रत्येक निर्जंतुकीकरणाआधी तो फिरवा. बहुतेकदा इन्सुलेशन जातं ते टोकाशी, हँडलच्या जोडाशी आणि ट्रोकारमधून (पोटात हत्यार घालायच्या नळीतून) आत-बाहेर होताना जो भाग घासतो तिथे. टोकदार हत्यारांबरोबर एकाच ट्रेमध्ये टाकणं हे त्याचं सगळ्यात मोठं कारण, निदान माझ्या पाहण्यात. डिस्पोजेबल आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पाकिटातून काढल्यावर तोही बघा. खरेदी तुमच्या हातात असेल तर दोन रंगांच्या इन्सुलेशनचे हुक मागा, वरचा थर घासला की आतला रंग दिसतो. त्याहून चांगले म्हणजे दांडीभोवती कवच असलेले, गळता प्रवाह ओळखून मशीन थांबवणारे. महाग असतात म्हणून नाकारले जातात, मला ठाऊक आहे.

इन्सुलेशन अगदी धड असतानाही भाजू शकतं, हे नवीन लोकांना पटत नाही. आत प्रवाह असलेली दांडी, मध्ये इन्सुलेशन आणि बाहेर धातूचा ट्रोकार, असा आपोआप कपॅसिटर तयार होतो, म्हणजे थेट न टेकताही प्रवाह पलीकडे पोचतो. ट्रोकार पूर्ण धातूचा असेल तर ट्रोकारवर आलेला प्रवाह पोटाच्या भिंतीत पसरून निघून जातो. पण धातूची नळी आणि प्लॅस्टिकची पकड असा मिश्र ट्रोकार असेल तर ती वाट बंद होते, आणि नळी आतड्याला टेकली की तिथे भाजतं. एक तर सगळा धातू, नाहीतर सगळं प्लॅस्टिक. मिश्र ट्रोकार मी ओटीत ठेवूच दिला नाही, यावरून भांडणंही झाली.

त्याच ओघात: कॉटरीची केबल टॉवेल क्लिपला गुंडाळू नका आणि कॅमेऱ्याच्या केबलसोबत बांधू नका. मशीनचा बीप कुणी "डोकं उठतं" म्हणून बारीक केला असेल तर पुन्हा मोठा करा. पेडल चुकून दाबलं गेल्याचं त्याच्याशिवाय कळत नाही. वापरात नसलेलं हत्यार पेशंटच्या अंगावर नाही, होल्स्टरमध्ये (हत्यार खोचायच्या म्यानात). हार्मोनिकची (अल्ट्रासाउंड कंपनांनी कापणाऱ्या हत्याराची) पाती बटण सोडल्यावरही काही क्षण चांगलीच तापलेली असतात, लगेच आतडं पकडू देऊ नका. दुर्बिणीपासून सुटी केलेली लाइट केबल ड्रेपवर (पेशंटवर घातलेल्या निर्जंतुक चादरीवर) चालू ठेवली तर ड्रेप जळतो. विजेचा विषय नाही हा, पण पेशंटला भाजणं ते भाजणंच. आणि स्पिरिटवाल्या प्रेपला (कातडीला लावायच्या जंतुनाशक द्रवाला) केस नसलेल्या कातडीवर वाळायला निदान 3 मिनिटं द्या, केसाळ भागाला बराच जास्त वेळ.

राहिला "पॉवर वाढवा" हा प्रश्न. नेहमीच्या सेटिंगवर काम होत नसेल तर प्रवाह कुठेतरी दुसरीकडे जातोय किंवा अडतोय असं धरून चाला. आधी प्लेट बघा, मग केबलची दोन्ही टोकं, मग हुकच्या टोकावरची जळकी पापडी. पोटाचे स्नायू उडत असतील किंवा पडद्यावर नेहमीपेक्षा जास्त रेघा येत असतील तर हुक बदलायला सांगा. शक्य तिथे कट वापरा असं सर्जनला सुचवून बघा. कोॲगमध्ये प्रवाह जेमतेम 6 टक्के वेळ चालू असतो, म्हणून तेवढ्याच पॉवरसाठी व्होल्टेज खूप चढवावं लागतं, आणि इन्सुलेशन फोडतं ते व्होल्टेजच. टोक ऊतीला टेकण्याआधी हवेत पेडल दाबलं की ते आणखी चढतं. काही सर्जन ऐकतात, काही डोळे वटारतात. डोळे वटारले तर "प्लेट बघते, एक मिनिट" म्हणा आणि खरोखर प्लेट बघा. तेवढ्यात पायही पेडलवरून निघतो, आणि हुक बदलायचं तेव्हाच काढलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.