बेसबॉलमधला सगळ्यात भारी कोण? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की बेसबॉलच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, आणि नावासोबत कारणही लिहा. नावं भरपूर आली, कारणं कमी आली, आणि उलट आम्हालाच प्रश्न विचारणारे सगळ्यात जास्त निघाले. त्यातले काही घेतोय.

प्रश्न: एकच नाव सांगा. "वेगवेगळ्या काळाची तुलना होत नाही" वगैरे उत्तर चालणार नाही.

उत्तर: विली मेज. झालं समाधान?

आता कारण. बेसबॉलमध्ये खेळाडू पारखायच्या पाच गोष्टी मानतात, सातत्याने हिट मारणं, ताकदीने मारणं, पळणं, फिल्डिंग आणि थ्रो, आणि या पाचही गोष्टींत वरच्या दर्जाचा असलेला माणूस शोधायला गेलात की शेवटी मेजपाशीच येता. 660 होम रन आहेत (असा फटका की मारणारा चारही बेस फिरून परत येतो), सलग 4 वर्षं (1956 ते 1959) नॅशनल लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या मेजर लीगच्या नॅशनल आणि अमेरिकन या दोन भागांपैकी एकात, सगळ्यात जास्त बेस चोरलेत (पिचर बॉल टाकत असतानाच पळून पुढचा बेस गाठणं), आणि सेंटर फील्डला 12 गोल्ड ग्लव्ह आहेत, फिल्डिंगचं बक्षीस. त्यातही गंमत अशी की हे बक्षीसच 1957 मध्ये सुरू झालं, म्हणजे त्याची आधीची चांगली वर्षं त्यात धरलेलीच नाहीत. शिवाय 1952 चा बहुतेक सीझन आणि 1953 पूर्ण त्याने लष्करात काढला, परत आला आणि 1954 मध्ये .345 सरासरी (दर हजार प्रयत्नांत 345 हिट), 41 होम रन आणि थेट एमव्हीपी, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळाडू.

त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमधला, म्हणजे सीझनच्या फायनलमधला, तो कॅच सगळ्यांना माहीत असतो, पण नेमकं काय झालं ते लोक अर्धवट सांगतात. पहिली मॅच, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, आठवी इनिंग, स्कोअर 2-2, क्लीव्हलँडचे दोन रनर बेसवर आणि एकही आउट नाही. विक वर्ट्झने बॉल खोल सेंटर फील्डला हाणला, मेज पाठमोरा पळत सुटला आणि पळता पळताच डोक्यावरून आलेला बॉल पकडला. खरी करामत त्याच्या पुढची आहे, कारण त्याने गर्रकन वळून असा काही थ्रो केला की रनर एकाच बेसने पुढे सरकू शकला आणि त्या इनिंगमध्ये एकही रन झाला नाही. मेजच्या जायंट्सने मॅच दहाव्या इनिंगमध्ये जिंकली, मग सिरीज 4-0 ने, आणि समोरची टीम काय साधीसुधी नव्हती, 154 पैकी 111 मॅच जिंकून आलेली होती.

प्रश्न: मी पक्का रूथवाला. बेब रूथने 1920 मध्ये एकट्याने 54 होम रन मारले, दुसऱ्या नंबरचा 19 वर होता. असा फरक मेजने कधी पाडला का? उत्तर टाळू नका.

उत्तर: नाही पाडला, कोणीच नाही पाडला. तुमचा आकडा बरोबर आहे आणि त्यात आम्हीच भर घालतो, त्या वर्षी अमेरिकन लीगमधल्या बाकी सातपैकी एकाही टीमचे मिळून 54 होम रन नव्हते. बॉलला थुंकी लावून टाकायला त्याच सीझनपासून बंदी आली, ऑगस्टमध्ये रे चॅपमन डोक्याला बॉल लागून गेल्यावर मळके बॉल लगेच बदलायला लागले, हे सगळं बॅटरच्या फायद्याचं होतं हे खरं, पण ते सगळ्यांसाठीच होतं की, मग बाकीचे का नाही मारू शकले? आणि हा माणूस त्याच्या आधी रेड सॉक्सचा पिचर (बॉल टाकणारा) होता, तोही नावापुरता नाही, 89 मॅच जिंकलेला. वॉर नावाचा जो हिशोब आहे, म्हणजे साध्या बदली खेळाडूच्या जागी हा असल्याने टीमला किती विजय जास्त मिळाले, त्यात रूथ 180 च्या वर आहे आणि मेज 156 च्या आसपास. आपल्या काळावर सगळ्यात जास्त हुकूमत कोणी गाजवली असं विचाराल तर रूथ, त्यात वादच नाही. क्रिकेटमध्ये ब्रॅडमनची 99.94 जशी बाकीच्यांपासून लांब उभी आहे तसंच हे.

पण तुम्ही जो फरक सांगताय तो कोणाशी मोजलेला आहे? रूथ 1914 ते 1935 खेळला. या सगळ्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगमध्ये बंदी होती, कागदावर नियम नव्हता पण अंमलबजावणी कडक होती. ती 15 एप्रिल 1947 ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला तेव्हा मोडली. म्हणजे सॅचेल पेजसारखा पिचर रूथला अधिकृत लीग मॅचमध्ये कधी खेळावाच लागला नाही. पेजला 1948 मध्ये क्लीव्हलँडने घेतलं तेव्हा तो 42 वर्षांचा होता आणि तरी तो टिकला, यावरून तरुणपणी काय चीज असेल बघा.

यात रूथचा दोष काही नाही, नियम त्याने केले नव्हते. पण आम्ही "सगळ्यात भारी" म्हणतो तेव्हा समोर कोण होतं हेही बघतो, आणि मेजच्या लीगमध्ये हँक एरन होता, फ्रँक रॉबिन्सन होता, क्लेमेंटे होता, समोर बॉल टाकायला कूफॅक्स आणि बॉब गिब्सन होते. त्या गर्दीत पुढे राहणं आम्हाला जास्त वजनाचं वाटतं. तुम्हाला नसेल वाटत तर तुम्ही रूथवालेच राहा, चुकीचं काही नाही त्यात.

प्रश्न: मग जॉश गिब्सनचं काय? आता तर त्याची सरासरी अधिकृतपणे सगळ्यात वर आहे म्हणे.

उत्तर: हो. मेजर लीग बेसबॉलने 2020 च्या डिसेंबरमध्ये 1920 ते 1948 मधल्या सात नीग्रो लीगना, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगना जिथे गिब्सन खेळला, मेजरचा दर्जा दिला आणि 2024 च्या मे महिन्यात त्यांचे आकडे रेकॉर्डमध्ये मिसळले. त्यामुळे करिअर सरासरीत गिब्सन .372 वर आला आणि टाय कॉब .367 सह दुसरा झाला, स्लगिंगमध्येही (फटक्यांनी मिळवलेले बेस मोजणारी सरासरी) रूथ खाली गेला. काही लोकांना हे पटत नाही कारण त्या लीगच्या अधिकृत मॅच कमी, सीझन छोटे, आणि छोट्या सीझनमध्ये सरासरी वर राहणं सोपं. मुद्दा बरोबर आहे पण सीझन छोटे का होते? टीमना पोट भरायला गावोगाव फिरून बाहेरच्या मॅच खेळाव्या लागायच्या, त्या हिशोबात येतच नाहीत, आणि त्याला बाहेर ठेवलं कोणी तर ज्यांचे आकडे आपण पूर्ण मानतो त्याच लीगनी. गिब्सन जानेवारी 1947 मध्ये 35 व्या वर्षी गेला, जॅकी रॉबिन्सन उतरायच्या तीन महिने आधी. कॅचर म्हणून आमच्या मते पहिला तोच, पण एकूण यादीत नेमका कितवा हे छातीठोक सांगता येण्याएवढे आकडे त्याला मिळूच दिले नाहीत.

प्रश्न: बॅरी बाँड्सचे 762 होम रन आहेत, एका सीझनमध्ये 73 आहेत, 7 एमव्हीपी आहेत. विषय संपला ना?

उत्तर: आकड्यांवर गेलं तर संपला, हो. 2004 मध्ये तर पिचरनी त्याला 120 वेळा मुद्दाम वॉक दिला, म्हणजे बाबा तू जा पहिल्या बेसवर पण बॅट लावू नकोस, आणि त्या वर्षी त्याचं ऑन-बेस .609 होतं, दहातून सहा वेळा माणूस बेसवर. पण बाल्को प्रकरण आहे (खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणारी कंपनी), स्टेरॉइडचे आरोप आहेत, आणि हॉल ऑफ फेमसाठी होणाऱ्या लेखकांच्या मतदानात दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, 2022 मध्ये, तो 66 टक्क्यांवर थांबला, लागतात 75.

आमचं म्हणणं असं की 1998 पर्यंतचाच बाँड्स घ्या. 411 होम रन, तीन एमव्हीपी, 8 गोल्ड ग्लव्ह आणि 400 होम रन सोबत 400 बेस चोरणारा पहिला माणूस. 1998 च्याच मे महिन्यात ॲरिझोनाने नवव्या इनिंगमध्ये बेस भरलेले असताना त्याला मुद्दाम वॉक दिला होता, एक रन फुकट द्यायला तयार झाले पण याला खेळू द्यायला नाही. एवढ्यावरच तो पहिल्या पंधरा-वीसात आरामात येतो. नंतरचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, आम्ही त्याला पहिला म्हणणार नाही.

प्रश्न: पिचरांची नावं या वादात येतच नाहीत, असं का?

उत्तर: स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर, चार-पाच दिवसांनी एकदा टाकतो, बॅटर रोज खेळतो, साधं गणित. तरीही एक सीझन निवडायचा तर पेड्रो मार्टिनेझचा 2000, त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तेवढा चांगला) 1.74 आणि बाकी अमेरिकन लीग पाचच्या जवळपास. बॉब गिब्सनचा 1968 चा 1.12 दिसायला त्याहून भारी आहे पण ते वर्षच पिचरचं होतं, इतकं की पुढच्या सीझनला पिचर उभा राहतो तो उंचवटा 15 इंचावरून 10 वर आणला.

प्रश्न: ओतानी हे सगळं करतोय, बॅटिंग आणि पिचिंग दोन्ही. त्यालाच पहिला म्हणून मोकळे व्हा.

उत्तर: घाई करताय. पण तुमचा मुद्दा आम्हाला रूथवाल्यांपेक्षा जास्त अडचणीत टाकतो हे कबूल. लोक म्हणतात रूथनेही दोन्ही केलं, पण खरं बघितलं तर जोरात दोन्ही एकत्र त्याने 1918 आणि 1919 असे दोनच सीझन केलं, यांकीजकडे गेल्यावर पंधरा वर्षांत फक्त 5 मॅचमध्ये पिचिंग केलं. ओतानीने 2022 मध्ये 34 होम रन आणि पिचर म्हणून 15 विजय, 2024 मध्ये हाताच्या ऑपरेशनमुळे पिचिंग बंद होतं तर 54 होम रन आणि 59 बेस चोरले. आणि 17 ऑक्टोबर 2025 ची ती मिलवॉकीविरुद्धची मॅच, सहा इनिंग पिचिंग, एकही रन नाही, 10 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये आउट केलेले बॅटर), आणि बॅटने 3 होम रन. एका माणसाची एका मॅचमधली सगळ्यात मोठी कामगिरी असं कोणी म्हणालं तर आम्ही भांडणार नाही. करिअर म्हणून मात्र अजून मेजच्या 22 सीझनसमोर ठेवता येत नाही, तीन-चार वर्षांनी हाच प्रश्न परत पाठवा.

प्रश्न: सदाहारू ओचे 868 होम रन का मोजत नाहीत?

उत्तर: मोजतात, जपानच्या लीगमध्ये. मैदानं लहान होती, पिचिंग वेगळं होतं, हे खरं, पण सलग 13 वर्षं होम रनमध्ये पहिला राहणं कुठल्याही लीगमध्ये गंमत नाही. पहिल्या पाचात नाही, पण यादीत नाव हवंच.

प्रश्न: हॉल ऑफ फेमच्या मतदानात सगळ्यात जास्त मतं कोणाला मिळाली ते बघा की सरळ, वाद कशाला घालायचा?

उत्तर: बघितलं. 1936 च्या पहिल्या मतदानात 226 पैकी कॉबला 222 आणि रूथला 215, म्हणजे 11 लेखकांनी रूथचं नावच लिहिलं नाही. 1979 मध्ये मेजला 432 पैकी 409, तेवीस जणांना तो पसंत नव्हता. एरनला नऊ जणांनी सोडलं, 2025 मध्ये इचिरोला एकाने. शंभर टक्के मतं आजपर्यंत एकालाच मिळालीत, 2019 मध्ये मारियानो रिव्हेराला, जो बहुतेक वेळा मॅचच्या शेवटी एक इनिंग टाकायला यायचा.